पॉइंट कुठं घ्यायचा

जिन्याखाली साडेचार बाय सहा.
तेवढ्यात कमोड, बेसिन, आणि भिंतीपलीकडे
मशीनपुरती एक खोली.
दस्तगीरनं विटेवर कागद धरून बॉलपेननं काढली
तेव्हा पिठाच्या डब्याएवढी दिसली.
हे म्हणाले, "एवढ्याशा भोकाला दीड लाख?"
हळदीच्या पेढीवर तीस वर्षं कॅश मोजलेला माणूस,
त्यांना आधी भोकच दिसतं.

गुडघा त्यांचाच. मी काही बोलले नाही.
वरच्या संडासाला चौदा पायऱ्या,
रात्रीतून दोनदा,
आणि प्रत्येक पायरीचं 'आई गं'
मी झोपेत मोजत असते.

अण्णाप्पा प्लंबर आला, कानावर पेन्सिल.
वायरिंगचंही तोच बघतो.
"वैनी, मशीनचा पॉइंट कुठं घ्यायचा?"
मी भिंतीकडं बघितलं.
तीनदा रंग मारलाय, तरी
खिडकीच्या वर वीतभर
ती रेघ उगवतेच,
चहाच्या कपात आतून राहते तशी.
एकोणीस साल.
तोही तिकडंच बघत होता.
त्याच्या घरी पत्र्याच्या वर गेलती.
"रेघेच्या वर घ्या."
"वायर पोचायची न्हाई, वैनी."
"मग लांब घ्या वायर."
"आन् मशीन बुडालं तर?"
"मशीन उचलता येतं. भिंत कोण उचलणार?"
सांगलीत असल्या बोलण्यावर कुणी हसत नाही.
पावसानं चार दिवस धरला की आम्ही
जेवलात का, असं विचारत नाही.
आयर्विनला किती फूट, विचारतो.

परसातला दगड मध्ये येत होता.
काळा, मधोमध खोलगट.
सव्वीस वर्षं त्याच्यावर चादरी आपटल्या,
आणि ह्यांचे पेढीवरचे शर्ट.
हळदीला साबण लागला की ती लाल होते,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात
रक्त समजून मी एक शर्ट चारदा धुतला
आणि कुणाला विचारलं नाही.

"ठिवायचा का?" दस्तगीर म्हणाला.
"लोक हल्ली बागंत ठेवत्यात, वर कुंडी. झकास दिसतं."
त्याला वाटलं, माझा जीव अडकलाय.
मी माझी मनगटं बघितली.
"फोडा."
"आत्ता?"
"आत्ता. माझ्यासमोर."

सातव्या घणाला दुभंगला.
आतून निळसर, कोरा,
कधी भिजलाच नसल्यासारखा.
एवढं पाणी अंगावर घेऊन
आत थेंब जाऊ दिला नाही गड्यानं.
त्याचं मला जरा कौतुक वाटलं. जराच.
तुकडे ओट्याच्या भरावात गेले.
मशीन त्यांच्यावर उभं आहे.

बावीस दिवसांचं काम, लागले एक्केचाळीस.
मिरजेहून आलेल्या टाइल्स एक शेड गडद निघाल्या.
दार उलटं बसलं,
बाहेर उघडतं, येणाऱ्याच्या नाकावर.
राहू दे म्हटलं, गुडघ्याला बरं.
पहिल्या रात्री हे उठले, गेले, आले,
एकही 'आई गं' नाही.
मीच जागी राहिले, मोजायला काही नसल्यामुळं.

दुपारी मशीन लावते. पडद्यावर बेचाळीस मिनिटं.
मग पलीकडं जाते, आतून कडी लावते,
झाकण खाली करून त्याच्यावर बसते.
रडत वगैरे नाही. नुसती बसते.
पायाखाली ती चुकलेली शेड,
समोर बेसिन, एवढंसं, ओंजळीच्या मापाचं.
ह्या घरात दुसऱ्या कुणाला न विचारता
मी लावलेली ही पहिली कडी.
भिंतीपलीकडं ड्रम गरगरतो, थांबतो,
काहीतरी आठवल्यासारखा उलटा फिरतो.

"झालं का गं?" हे बाहेरून.
मशीनचं विचारतात की माझं, कळत नाही.
"अजून सतरा मिनिटं," मी सांगते.