जरा बाजूक

पाहुणे मंडळी, मी परुळ्याच्या नाक्यावरचा फोटोवाला.
सकाळी सहापासून, हळदीपासून उभा आहे,
बॅगेचा पट्टा खांद्यात रुतलाय,
अजून कुणी चहा विचारलेला नाही.
त्याचं काही नाही.

म्हणणं एवढंच की
मुहूर्त अकरा बेचाळीसचा.
शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो,
दोन चेहरे समोरासमोर.
पापणी दोनदा लवते, तेवढाच वेळ.
तो परत मागता येत नाही,
भटजींकडे नाही, माझ्याकडेही नाही.

आणि नेमका तेव्हाच
दाजी खवणेकर टॅब वर धरतात,
पोळपाटाएवढा.
गेल्या वर्षीचा भोगव्याचा अल्बम बघा:
नवरीच्या जागी टॅब,
टॅबात नवरी, बोराएवढी.
तिच्या आईने विचारलं, ‘ह्यां काय रे?’
मी म्हटलं, ‘तुमचे भावजी.’

काढा, फोटो जरूर काढा.
अबोलीच्या वळेसरांचे काढा, पंगतीचे काढा,
मांडवाच्या खांबाला टेकून झोपलेल्या ताशेवाल्याचा काढा,
तो माझा राहूनच जातो.
फक्त मधली वाट सोडा.
तुमचा फ्लॅश आणि माझा एकदम उडाला
की नवरा तांदळाच्या पिठाचा दिसतो.
आणि अक्षता!
उजव्या हातात मोबाइल,
म्हणून अक्षता डाव्या हाताने,
नजर स्क्रीनवर,
पडतात पुढच्याच्या टकलावर.

आता कालचं सांगतो, निवतीचं.
जाळी बाजूला सारून घातलेला मांडव,
खाली वाळू, वर ताडपत्री फडफडते आहे.
आणि मधल्या वाटेत शेवंती आते,
मोबाइल दोन्ही हातांनी उंच धरलेला,
वाऱ्यात दिवा धरावा तसा.

‘आते, जरा बाजूक.’
हलली नाही.
‘आते!’
‘हयसरच रेंज येता रे,’
मान न वळवता.

मी रागानेच पुढे झालो,
तिच्या खांद्यावरून पाहिलं.
केशरी बॉयलर सूट. नवरीचा भाऊ.
कुठल्या तरी समुद्रात, टँकरवर,
मागे जाड पाइप, त्यावर न वाचता येणारी अक्षरं,
चित्र थांबतंय, तुटतंय, पुन्हा जुळतंय,
आणि त्याच्या उजव्या मुठीत
जहाजाच्या भटारखान्यातले तांदूळ.
कुंकू कुठून आणणार?
करी पावडर लावली असावी,
पिवळट दिसत होते.

‘सावधान’ झालं.
त्याने मूठ उघडली.
त्याचे तांदूळ आमच्याकडे
दोन सेकंद उशिरा पडले.

मी तेव्हा कुठे होतो?
आतेच्या मागे,
कुणाचा धक्का तिच्या कोपराला लागू नये म्हणून
ट्रायपॉड आडवा धरून.

अंतरपाटाचा फोटो नाही.
आहे तो पाटाजवळ पडलेल्या कापडाचा,
स्वस्तिकाला घडी पडलेली.
नवरीच्या बापाने हजार रुपये कापले.
बरोबर आहे, मीही कापले असते.

पुढच्या गुरुवारी आंदुर्ल्याला लग्न आहे.
दाजी, टॅब घरी ठेवून या.
तुम्हाला रेंज सगळीकडे येते.