रुमालाखाली

एकेचाळीस हजार दोनशे.
दोन वर्षांची भिशी, आणि वरचे
मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळीला केसपेपर काढून.
नाव, वय, काय होतंय, कधीपासून होतंय.
त्याच टेबलावर, वहीच्या मागच्या पानावर
मी सामान लिहिते आणि खोडते.

प्रोसेसर एक पिढी मागे नेला
की मदरबोर्ड दोन हजारांनी खाली येतो,
मदरबोर्ड खाली आला
की पुढं कधी काही वाढवायची वाट बंद.
ग्राफिक्स कार्ड ऐसपैस बसतं
लग्नातल्या थोरल्या जावयासारखं,
बाकीच्यांनी उरलेल्या सतरंजीवर सरकून घ्यायचं.

रंगीत दिव्यांचे पंखे खोडले.
काचेचं कॅबिनेट खोडलं, साधं पत्र्याचं लिहिलं.
मग तेही खोडलं.
रॅमची एकच कांडी, दुसरी खाच मोकळी.
मोकळी खाच फुकट असते,
एवढीच ह्या यादीतली चैन.

आबांनी वही बघितली.
एकतीस वर्षं मार्केट यार्डात तोलार होते,
आकड्यांची बेरीज डोळ्यांनीच करतात.
"कशाला पायजे हे? कामाला?"
हो म्हटलं असतं तर संपलं असतं.
"खेळायला."
"खेळायला म्हंजे?"
"म्हणजे खेळायला, आबा."
ते बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले,
सव्वीस वर्षांच्या पोरीचं काय करायचं
हे तिथं छापलेलं असल्यासारखं.
मग चप्पल शोधायला लागले.
"एकटी जाऊ नको. घालतील गळ्यात काय पण."

गणपती पेठेच्या मागं, जिन्याखाली
साकिब शिकलगारचं दुकान.
दोन पॉवर सप्लाय पुढ्यात आले, किंमत सारखी,
डब्यावरचे वॅटही सारखे.
आबांनी एकेका हातात एकेक घेतला
आणि डोळे मिटले.
"हे पोकळ हाय. आत भरलंच न्हाई काय."
साकिब हसला, पोकळ होतं ते
न बोलता फळीवर ठेवून आला.

जुनं कार्ड निघालं ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
आबांनी नाकाला लावलं.
पुराचं पाणी कमरेपर्यंत बघितलेल्या माणसाला
वेगळं मीटर लागत नाही.
"गाळ न्हाई ह्यात," म्हणाले,
"पर लई तापलंय कधीतरी. रात्रंदिवस राबवलंय कुणीतरी."
मी वहीत बघत राहिले.

साकिब म्हणाला सतरा. माझ्याकडं ह्या ओळीत चौदा.
मी परत खोडायला पेन काढलं,
तेवढ्यात आबांनी खिशातून रुमाल काढला,
साकिबच्या हातावर टाकला
आणि त्याच्या खाली स्वतःचा हात सरकवला.
असे सौदे त्यांनी हयातभर बाजूला उभं राहून बघितले होते,
पोती दुसऱ्याची, दर दुसऱ्याचा,
ह्यांचा फक्त काटा.

"हे काय चाचा?"
"गप. बोटं मोज."

रुमाल हलला. थांबला. पुन्हा हलला.
साकिबनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं,
आणि मान हलवली.
"चौदा," आबा मला म्हणाले.
मी चौदा मोजले.
रुमालाची घडी घालायला त्यांना
जरा जास्तच वेळ लागला.
काय ठरलं ते मला आजही माहीत नाही.
त्या महिन्यात त्यांनी गुडघ्याचं मलम आणलं नाही,
म्हणाले, उन्हाळ्यात लागत न्हाई.

बुटाच्या खोक्यावर मदरबोर्ड मांडला.
बटण नव्हतंच, स्क्रू ड्रायव्हरचं टोक
दोन पिनांना टेकवलं,
पंखा एकदा शिंकला आणि फिरला.

आता सुट्टीच्या रात्री मी ट्रक चालवते,
बर्फातल्या कुठल्यातरी देशात, लांबच लांब रस्ता.
आबा मागं खुर्चीत. झोपलेत असं वाटतं.
"काय भरलंय गं?"
"लाकूड, आबा. वीस टन."

थोडा वेळ नुसता वायपरचा आवाज.

"कुणी मोजलं?"