लागली का?

मरोळ गावठाणात, क्रुसामागच्या बोळात,
बोनी मास्तरांच्या ओटीवर
मी पहिल्यांदा गिटार मांडीवर घेतली
तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो,
सीप्झची पहिली पाळी संपवून थेट आलेला,
नखांत ग्रीस.

मास्तर म्हणाले, वाजवायची मग. आधी लावायची.

जाड तारेचा पाचवा पडदा दाबायचा,
शेजारची मोकळी सोडायची,
दोघींना एकदम छेडायचं
आणि त्यांच्या भांडणाला कान द्यायचा.
वँव वँव वँव.
खुंटी हळू पिळली की वँऽव. वँऽऽव.
मग एकच लांब हेलकावा,
होडी धक्क्याला टेकताना घेते तसा.
मग काहीच नाही.
"ते काय नाय ना, तेच आईक."

तिसरीवरून दुसरी लावताना मात्र चौथा पडदा.
का? मी विचारलं.
"घरात एक तरी असतोच तसा."

दर तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं.
मास्तर तळहात तारांवर ठेवून थांबायचे,
देवळात घंटा संपेपर्यंत माणूस थांबतो तसे.
मग पुन्हा पहिल्यापासून.
चार महिने मी रोज विचारलं, लागली का?
चार महिने मास्तर, डोळे मिटून: नाय.

केवढं काय काय लागतं आपल्याकडे.
ठेच लागते, उचकी लागते,
चाळिशी लागते, दम लागतो,
नळाला पाणी आलं की बादल्यांची रांग लागते.
तार तेवढी लावावी लागते.

परवा गेलो तर विमान आलं
आणि मास्तर थांबले नाहीत.
तेवढ्या घरघराटात खुंटी पिळत राहिले,
ओटीवरचे पेले थरथरत असताना.
मी काही बोललो नाही.
फिलोमिना बाय दारातून माझ्याकडे बघत होती,
तीही काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून ट्यूनर आणला,
साडेतीनशे रुपये,
कपड्यांच्या चिमट्याएवढा.
याला कान नाही. लाकडाला चावा घेऊन बसतो
आणि लाकडातली थरथर मोजतो.
कुकरची शिट्टी, सोसायटीचा पंप,
कशानेही बिथरत नाही.
सगळ्या कॉर्डमध्ये थोडं थोडं खोटं
समान वाटून देतो, मेंटेनन्ससारखं.
कुणी खूश नाही,
मीटिंगमध्ये कुणी खुर्चीही फेकत नाही.

मास्तरांनी तो उलटापालटा करून पाहिला.
"बॅटरी संपली की बहिरा?" म्हणाले, आणि हसले.
मग स्वतःच डोक्याला लावून दिला, गिटारच्या,
पडदा माझ्याकडे करून.
आणि वाकून
हनुवटी टेकवली लाकडावर,
झोपलेल्या पोराच्या पोटावर टेकवावी तशी.

जाड तार. अंगठा. खुंटी.
मला वँव ऐकू येत होतं.
त्यांना जबड्यात येत असणार, दातांच्या मुळाशी.
एकेक तार, एकेक हिरवा दिवा लागत गेला.
पाच लागले.
दुसऱ्या तारेला काटा केसभर डावीकडे राहिला,
जिथे तो तीस वर्षं राहत आलाय,
कारण त्यांची जी कॉर्ड तिथेच गोड होते
आणि बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं.

मास्तरांनी डोळे उघडले.
"लागली का?"

हे मी विचारायचो.
उत्तर कसं द्यायचं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं.
काटा बघितला.
चिमटा काढून खिशात घातला.
लागली, म्हटलं, मोठ्याने,
आणि मग आणखी मोठ्याने.

विमान येत होतं. मी सवयीने थांबलो.
मास्तरांनी हनुवटी न उचलता जी धरला.

त्यांनी काय ऐकलं
ते मला ऐकू आलं नाही.