सांधा

विक्रोळीत, खारफुटीच्या अलीकडे, शेड नंबर सातमध्ये
मी एकोणीस वर्षं सांधे वाचले.
एक्स-रेची फिल्म दिव्यावर धरायची,
इंजिनाच्या नळकांड्याची फिकट शिवण
टोकापासून टोकापर्यंत डोळ्यांनी चालायची.
आत बुडबुडा राहिला असेल तर तिथं काळा ठिपका.
म्हणजे उलटं आकाश,
उजेडावर काळ्या चांदण्या,
आणि एकही चांदणी असता कामा नये.

शिवण इनास कोळ्याची असली
की आकाश कोरं.

इनास मनोरीचा. पहाटे तरीने खाडी ओलांडायचा,
मार्व्याहून दोन बस, डब्यात बोंबलाची चटणी.
आर्गॉन पेटवण्याआधी गळ्यातला क्रूस शर्टाआड सारायचा.
"तापतो. देवाला कशाला भाजा."

पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं,
रॉकेट नक्की रेटतं कशाला?
वर ना जमीन, ना हवा. पाय कुठं लावतं?
तो हसला नाही. म्हणाला, रविवारी ये.

भरती थांबते त्या घटकेला, मनोरीच्या खाडीत,
वल्ही त्याने किनाऱ्यावरच ठेवलेली.
होडीत आम्ही दोघं आणि नीरमाचे धोंडे.
"मागं फेक. जोरात."
पहिला गेला, काही नाही.
दुसरा. तिसरा. दंड भरून आले.
चौथ्याला धक्क्याचा खांब सरकला.
खांब नव्हे, आम्ही.
"पाण्याला रेटलंस?"
"नाही."
"जे टाकलंस त्यालाच रेटलंस.
एवढंच आहे, बाय. धोंड्याच्या जागी धूर."

धोंडे संपले तरी होडी जराशी जात राहिली, मग थांबली.
"इथं पाणी धरतं. वर धरणारं कोण?
एकदा दिलं की दिलं. इंजिन बंद, आणि महिनोन्‌महिने
आपलं जातंय."

पुढे कँटीनमध्ये तो यानं समजवायचा, बशीभोवती चमचा फिरवून.
हे घिरट्या घालणारं. पडतच असतं बिचारं,
पण जमीनही खालून वळत जाते, म्हणून चुकतं.
हे नुसतं शेजारून जाणारं, तोंड बघून पुढं,
कारण थांबायचं तर धोंडे पुढच्या बाजूला फेकावे लागतात
आणि तेवढे आणलेच नाहीत.
हे उतरणारं. त्याला मी विचारलं तर म्हणाला,
"उतरणं म्हणजे हळू पडणं. महाग काम."
माणसं परत आणणारी कुपी त्याला आवडायची,
बूड जळून काळं झालेलं, आत सगळे जिवंत.
आणि जे सूर्याच्या अंगणाबाहेर गेलं, त्याचं काय?
चमचा त्याने बशीत ठेवला.
"चहा घे. गार होतोय."

आठ महिने शिवलेलं इंजिन अडीच मिनिटं जळतं,
मग तो टप्पा सुटून खाली.
"कोळ्याची वस्तू," तो म्हणायचा, "शेवटी समुद्रातच."

त्या मार्चमध्ये त्याच्या शिवणीत मला ठिपका दिसला.
मी फिल्म उलटी करून पाहिली. पुसून पाहिली.
लाल पेन्सिल हातात घेऊन जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसले.
"केवढा?" त्याने विचारलं.
"शून्य पूर्णांक आठ."
डाव्या डोळ्यावर हात धरून त्याने फिल्म पाहिली,
मग उजव्या.
"काप," म्हणाला.
ती जागा त्याने पुन्हा शिवली, चार दिवस लावून.
फिल्म कोरी आली.
मोतीबिंदूचा कागद त्याने ऑफिसात दिला तो त्यानंतर.

उड्डाण आम्ही मनोरीला बघितलं, त्याच्या ओट्यावर,
पुतण्याच्या फोनवर, फोन कुकरला टेकवून.
"तीच ना?"
"तीच."
तो ओठांत सेकंद मोजत होता.
एकशे एकोणपन्नासला म्हणाला, "सुटली,"
आणि पडद्यावर खरंच सुटली.
पोरांनी टाळ्या वाजवल्या, चित्र वर गेलं,
वरच्या टप्प्याबरोबर, पुढच्या आगीबरोबर.
खाली काय पडलं ते कुणी दाखवलं नाही.

"तिकडं पाणी किती खोल असेल गं?"

मी, मिलिमीटरचा दहावा भाग वाचणारी,
मला ते माहीत नव्हतं.