वाळूबाई

पहाटे साडेचारला पहिली हाक: "ओडी!"
इथे दार कुणी वाजवत नाही,
गवती कुडावर टकटक करणार कुठे?
बाहेर उभं राहून "ओडी" म्हणायचं,
आतून "ओडिनी" आलं की माणूस आत.
दिवसातून चाळीस वेळा तरी.
दात घासताना, प्रार्थनेच्या ऐन मध्यात, हिवतापात.
पहिल्या वर्षी एकदा मी खाटेखाली लपले होते.
देवाला ते ठाऊक आहे. मिशनच्या ऑफिसला नाही.

आज एलिफाला आलाय,
हातात सायकलची तुटलेली साखळी.
सायकल माझी,
जी मी त्याला दिली नव्हती.

बाजारात अजून विचारतात, चितेंजे कसं दिलं?
हिंदी माणूस म्हणजे कापडाचं दुकान,
आज्यापणज्यापासूनचा हिशोब आहे त्यांचा.
दुकान नाही हो माझं.
मग काय विकतेस?
काहीच नाही.
सुक्या उसिपाच्या ढिगामागची म्हातारी
माझ्याकडे कळवळून बघते,
मूठभर मासळी जास्त घालते.

त्या मासळीचा वास माझ्या साड्यांना,
उशीला, स्तोत्रांच्या पानांना.
आईला हे सांगितलं नाही.
आईशी बोलायचं तर वारुळावर चढावं लागतं,
रेंज तेवढ्याच उंचीवर येते.
संगमनेरहून ती विचारते, जेवलीस का?
उकड, म्हणते मी. मक्याची. रोज.
खाली मुंग्या पायावर चढत असतात
आणि मी वर हसत असते.

दुसऱ्या वर्षी पहिला उपदेश केला चिचेवातून.
रात्रभर घोकला होता, कंदिलाच्या काचेत तोंड बघत.
मिठाबद्दल बोलायचं होतं. मीठ म्हणजे म्चेरे.
तोंडातून निघालं म्चेंगा.
तुम्ही या जगाची वाळू आहात,
असं मी तीनदा बजावलं, दर वेळी आवाज चढवून.
कुणी हसलं नाही.
पुढच्या चटईवर माई नासिबेको मान डोलवत राहिली:
खरंच आहे, वाळू नसती तर मासे कुठे वाळवले असते?
हसले ते बाहेर गेल्यावर,
आंब्याखाली, अंधार पडेपर्यंत, पोटं धरून.
तेव्हापासून माझं नाव मायी म्चेंगा.
आपल्या भाषेत, वाळूबाई.

तिमाही अहवालात चौथा रकाना: नवीन किती?
दोन, लिहिते मी.
त्यातला एक नुसता सावलीला येतो.
एका पोरानं नेलेली सुई दोन महिन्यांनी परत आणली,
नवा दोरा ओवून.
ते लिहायला रकाना नाही.

माई नासिबेकोचा नातू गेला त्या रात्रीलाही नाही.
दवाखान्याच्या गाडीत डिझेल नव्हतं.
मी एवढी शिकलेली, एवढी पाठवलेली,
चिचेवातला एक शब्द आठवेना.
मराठीत सुरू केलं काहीतरी,
तर म्हातारीनं माझा हात धरून खाली बसवलं.
"गप्प बस. आज बोलायचं नसतं."
चटईवर पंधरा बाया. पाय लांब केलेले. शब्द नाही.
मला पाठवलं होतं सांत्वन करायला.
पहाटे माझंच डोकं तिच्या खांद्यावर होतं.

सुट्टीवर घरी गेले तेव्हा
दाराला बेल होती, मंजूळ,
दिवसभरात एकदा वाजायची, गॅसवाल्याची.
मी दोनदा उगाच दार उघडून पाहिलं.

आता संध्याकाळ. दिवसाची कितवी हाक, मोजलं नाही.
चूल आत्ता विझवलीय, डोकं ठणकतंय,
सौरदिव्याची बॅटरी पुन्हा गेलीय,
आणि बाहेर: "ओडी!"
येऊ नकोस, म्हणते मी मराठीत.
"ओडिनी," म्हणते मोठ्यानं.

एलिफाला. माझ्याच सायकलवरून.
साखळीच्या जागी माशाच्या जाळ्याची दोरी.
कॅरियरवर घमेलं, पाण्याच्या गाळणीसाठी,
सरोवराची ओली, स्वच्छ वाळू.
"मायी म्चेंगा," तो दात काढतो,
"तुझे नातेवाईक आणलेत."

चाळण शोधत मी अंधारात चाचपडते.
बसा म्हणते सगळ्यांना.