उत्पन्न

वेंगुर्ल्याच्या कचेरीसमोर,
झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर माझं टेबल.
शंभराचा स्टॅम्पपेपर, निळी शाई, आणि समोर दोघं:
शांतेरीबाई नाबर, बाबल आरोंदेकर.
माड बेचाळीस. मुदत तीन वर्षं.
‘सदर माडांपासून येणारे उत्पन्न
उभयतांनी निम्मेनिम्म वाटून घ्यावे.’
मी मोठ्याने वाचलं. दोघांनी माना हलवल्या.
तिने सही केली, त्याने अंगठा उठवला.
मान हलते तिचा आवाज होत नाही.

महिन्याने, उजाडायच्या आत,
बाबलने तिच्या खळ्यात तुळशीशेजारी
कळशी आणून ठेवली. तोंडाशी फेस.
‘ह्यां काय हाडलंस?’
‘तुमचो अर्धो वाटो. मापून आसा.’

तिने वर पाहिलं.
माडामाडाला मडकं.
पोयी आवळून बांधलेल्या, शेंड्याला छाटलेल्या.
जिथे वर्षभराने नारळ धरायचे
तिथून थेंब, थेंब.

‘नारळ खंय?’
बाबलला प्रश्नच कळला नाही.
त्याच्या आज्यापासून माड म्हणजे माडी,
शब्दातच आहे की.
तिच्या घरात माड म्हणजे खोबरं, सुंभ, करवंटी,
देवीपुढे फोडायचा एक.
कळशी तिने हातानेसुद्धा सरकवली नाही,
झाडूच्या दांड्याने सरकवली.
तो मात्र रोज आणत राहिला,
प्रामाणिक माणूस, एक पेलासुद्धा कमी नाही.

कोर्टात मला उभं केलं.
उत्पन्न लिहिताना तुमच्या मनात काय होतं?
खरं सांगायचं तर काही नव्हतं.
ओळीत जागा होती, शब्द बसला.
तीस वर्षं बसतोय,
काजूला, कोळंबीला, भाड्याच्या खोलीला.

वकील नंतर चहा पिताना म्हणाले,
दोघांतला एक जरी लबाड असता,
दुसऱ्याचा अर्थ ओळखून गप्प बसला असता,
तर करार जगला असता, त्या लबाडाच्या गळ्यात.
इथे दोघंही खरं बोलले.
म्हणून करार मोडला असंही नाही,
तो झालाच नव्हता.

झालाच नव्हता!
माझ्या अक्षरात, माझ्या तारखेने, माझ्या फीसकट.
मी बशीतला चहा तसाच ठेवला.

हल्ली मी दर शब्दाला विचारतो, म्हणजे काय?
गिऱ्हाइकं चिडतात. दोन जण
उठून पलीकडच्या टेबलावर गेले.

त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर
शांतेरीबाईने पिशवी काखेत मारली,
बाबलकडे न बघता म्हणाली,
‘येतंय हां.’
आणि निघून गेली.
बाबलने मान हलवली.
येते म्हणजे जाते,
एवढं तरी दोघांना एकाच अर्थाने कळलं.
कागदावर नव्हतं.