अडीच हजारांचा खड्डा

सावळाराम आरोलकर तक्रार सांगत नाही,
ट्रे आणून बाकावर ठेवतो.
पुठ्ठ्याचा, तीस खळग्यांचा,
कोपऱ्यातले सहा खळगे पिवळे, चिकट.
"गाडी धक्को देता." एवढंच.

पहाटे कुडाळहून निघतो, मठावरून,
मागे बारा ट्रे, सायकलच्या ट्यूबने आवळलेले.
मोचेमाडच्या उतारावर मूठ सोडायची,
पुलाआधी पुन्हा धरायची,
त्या सोडण्या-धरण्याच्या मध्ये कुठेतरी
रोज दहा-बारा अंडी जातात.

रुजारमाम टायरवर बसलेले.
चाळीस वर्षं कार्बुरेटरचा स्क्रू
पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे,
आता डोळ्यांत मोतीबिंदू, नि शिरोड्यात
कार्बुरेटरच उरले नाहीत फारसे.
"आधी केबल बघ," म्हणाले, "मगे तुझो कम्प्युटर."

केबल बघितली. बोटभर ढिली. तीन मिलिमीटरवर आणली.
चेन सैल होती, ओढली.
थ्रॉटल बॉडीच्या कडेला काजळी, फडक्याने पुसली.
कनेक्टर उघडला तर आत हिरवा बुरा.
इथल्या वाऱ्यात तांब्यालाही शेवाळ धरतं.

तरी खड्डा राहिलाच.

मग वायर जोडली, तक्ता उघडला.
उभ्या रांगेत इंजिनाचे फेरे,
आडव्या रांगेत मूठ किती उघडली ते,
प्रत्येक घरात पेट्रोलचा एक आकडा.
हे आकडे कुठल्या तरी कारखान्यात कोणीतरी भरले,
धुराच्या परीक्षेत गाडी पास व्हावी म्हणून
इथे, नेमकं इथे,
अडीच ते तीन हजारांवर, मूठ जेमतेम उघडताना,
हात आखडता घेतला.
त्याला मोचेमाडचा उतार माहीत नव्हता,
अंडीही.

तीन टक्के वाढवले. धक्का कमी.
सहा केले. प्लग काळा पडला, वास यायला लागला.
चारवर आलो.
पण एक घर भरलं की शेजारचं खोल वाटतं,
मग त्याच्या शेजारचं.
लावणीआधी चिखलावर गुटा फिरवतात,
पाणी सगळीकडे सारखं उभं राहीपर्यंत,
तसा तो आकड्यांवरून फिरत राहिलो
दुपारचं जेवण विसरून.

"चल," रुजारमाम उठले.
मागे बसले. एका हाताने माझा खांदा,
दुसरा हात पसरलेला,
तळव्यावर एक अंडं.
मुठीत नाही. नुसतं ठेवलेलं.

रेडीच्या रस्त्याला तीन फेऱ्या.
पहिलीत त्यांनी शिवी दिली, पोर्तुगीज असावी.
दुसरीत "हां, हडे. हडेच."
मी थांबलो, फणसाखाली लॅपटॉप उघडला,
एका घरात अर्धा टक्का घातला.
तिसऱ्या फेरीत मागून आवाजच नाही.
सोडली, धरली, पुन्हा सोडली.
"काय झालं, माम?"
"कांय नाय."
तेवढं ऐकायला दिवस गेला होता.

दुसऱ्या दिवशी सावळाराम आला, ट्रे घेऊन.
एकोणतीस.
"एक फुटला. ता माझ्याच हातातसून."
पैसे दिले, वर सहा अंडी.

गोष्ट इथे संपली असती.
पण शनिवारी स्टँडवरचा गुंडू आला,
आमलेट-पावाची गाडी लावणारा.
स्टूल ओढलं, बसला, बराच वेळ
पाने-स्क्रू बघत राहिला.
मग म्हणाला,
"त्याच्या गाडीक तुया काय केलंस रे?
फुटकी अंडी गावनत नाय आता.
अर्ध्या किमतीत घेय होतंय."

रुजारमाम हसले नाहीत.
मी लॅपटॉप मिटला.
जुना तक्ता अजून आहे माझ्याकडे,
सावळोच्या नावाने, खड्ड्यासकट.
पुसला नाही.